‘सपोर्टिव्ह केअर नेहमीप्रमाणे’: ही ओळ ओलांडून पुढे जाऊ नका

समजा पेट झाली, गाइड मिळाले आणि पहिल्याच जर्नल क्लबसाठी तुमच्या हातात स्टेम सेल प्रत्यारोपणावरचा एक पेपर आला. तुम्ही काय वाचाल? बहुधा मी जे वाचायचो तेच. आधी ॲब्स्ट्रॅक्ट, मग आकृत्या, मग चर्चा, आणि वेळ उरला तर मेथड्स. मेथड्समध्येही कंडिशनिंगची औषधं, डोस, एचएलएची जुळणी, स्टॅटिस्टिक्स. या सगळ्याच्या कडेला कुठेतरी एक ओळ असते: सपोर्टिव्ह केअर त्या त्या केंद्राच्या नेहमीच्या पद्धतीनुसार देण्यात आली. बस्स. पुढच्या परिच्छेदात पुन्हा औषधं.

ही ओळ मी कितीतरी पेपरांत वाचली आणि एकदाही थांबलो नाही. आज तिच्यावरच लिहितोय. माझं म्हणणं असं की प्रत्यारोपणाच्या संशोधनात नर्सिंगला भिंतीचा रंग समजून सोडून दिलं जातं. प्रत्यक्षात ते उपचाराचा भाग आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोजण्याचं साधनही तेच आहे. साधनाबद्दल एक ओळ लिहिणारा पेपर आपण रसायनशास्त्रात चालवून घेतला नसता.

मला हे कळलं ते प्रयोगशाळेत नाही. गेल्या दिवाळीत गावी होतो, कोंढ्याला. आमच्या भागात सिकलसेल ही पुस्तकातली गोष्ट नाही. विदर्भात शाळेत, आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली की पुढची तपासणी, आणि मग घरात एक नवा शब्द कायमचा राहायला येतो. शेजारच्या काकूंचा नऊ वर्षांचा मुलगा एसएस आहे. थंडी सुरू झाली की हातपाय धरून रडतो. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बोन मॅरो बदलला तर हा आजार जातो. मी पीएचडी करणारा, म्हणून त्या माझ्याकडे आल्या.

मी मोबाइलवर एलियान ग्लकमन आणि सहकाऱ्यांचा २०१७चा पेपर काढला. सिकलसेलच्या १००० रुग्णांचं प्रत्यारोपण, एचएलए जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाच्या पेशी, १९८६ ते २०१३ या काळातली आंतरराष्ट्रीय नोंद. पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ९२.९ टक्के, आणि मूळ आजार न परतता जिवंत असण्याचं ९१.४ टक्के. वय जितकं कमी तितकं बरं, हेही त्यात स्पष्ट आहे. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, काकू, शंभरातले नव्वदच्या वर बरे होतात.

काकूंनी टक्केवारीबद्दल काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “तिथं पोराले ठेवतात कसं, बाबू? कोन पायते त्याच्याकडं?”

मला उत्तर देता आलं नाही. मी पेपर पुन्हा वाचला. विश्लेषणात वय आहे, पेशी मज्जेतून घेतल्या की रक्तातून हे आहे, प्रत्यारोपण कोणत्या साली झालं हे आहे. मुलाकडे कोण पाहत होतं याचा कॉलम नाही. म्हणजे मी ज्या ९२.९ टक्क्यांचा हवाला दिला, त्याच्या आत कितीतरी वॉर्डांमधलं, कितीतरी रात्रपाळ्यांमधलं काम मिसळलेलं आहे, आणि ते वेगळं काढायची सोयच नाही. पेपर वाईट नाही. नोंदवहीच्या अभ्यासात असतील तेवढीच माहिती वापरता येते. पण मी तो आकडा कोंढ्याच्या ओसरीवर असा सांगितला की जणू तो पेशींचा गुणधर्म आहे.

आता थोडं काम समजून घेऊ, नाहीतर पुढची टीका हवेत राहील. प्रत्यारोपण म्हटल्यावर ऑपरेशन थिएटर डोळ्यांसमोर येतं, तसं काही नसतं. पेशी रक्ताच्या पिशवीसारख्याच शिरेतून चढवतात. खरी गोष्ट त्याच्या आधी आणि नंतर आहे. आधी तीव्र केमोथेरपीने (काही आजारांत किरणांनीही) जुनी मज्जा रिकामी करायची. नंतर नवी मज्जा रुजेपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे रुग्णाजवळ पांढऱ्या पेशी जवळपास नसतात. तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर सोललेलं असतं. छातीत सेंट्रल लाइन बसवलेली असते, म्हणजे जंतूंना थेट हृदयापर्यंत जाणारा रस्ता. या काळात ताप हे एकच लक्षण कधीकधी सगळं सांगतं, कारण पू व्हायलासुद्धा पांढऱ्या पेशी लागतात. ताप पहाटे तीनला दिसला आणि अँटिबायोटिक तासाभरात सुरू झालं, की तोच ताप सकाळच्या राउंडला दिसला, यात जीव जाण्याइतकं अंतर असू शकतं. लाइनचं ड्रेसिंग, तोंडाची निगा, दर काही तासांनी तपासणी, रोजचं वजन, पोटात काय गेलं आणि बाहेर काय आलं याचा चार्ट: ही ती ‘सपोर्टिव्ह केअर’.

त्यातला ‘बाहेर काय आलं’ हा भाग मला सर्वांत जास्त खटकतो, म्हणून इथे जरा रेंगाळू या. नाक मुरडू नका, विषय संडासाचा आहे.

दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात त्याला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज म्हणतात, आपण जीव्हीएचडी म्हणू. १९७४ साली सिएटलच्या गटातल्या ग्लकस्बर्ग आणि सहकाऱ्यांनी त्याची तीव्रता ठरवायची पद्धत मांडली. तीन अवयव बघायचे. त्वचेवर पुरळ किती भागावर आहे, रक्तातलं बिलिरुबिन किती आहे, आणि दिवसाला जुलाब किती मिलिलिटर होतात. प्रौढांसाठी ५००, १००० आणि १५०० मिलिलिटर अशा पायऱ्या. या पाच दशकांतल्या प्रत्यारोपणाच्या बहुतेक अभ्यासांत कुठे ना कुठे याच मोजपट्टीचे वंशज आहेत. बिलिरुबिन यंत्र मोजतं, त्याचं कॅलिब्रेशन होतं, क्वालिटी कंट्रोल असतो. जुलाब कोण मोजतं? बेडपॅन घेऊन जाणारी सिस्टर. किंवा तिची सहा रुग्णांमध्ये धावपळ चाललेली असेल तर आया. किंवा रुग्णाची आई.

२०१६ मध्ये मॅजिक नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने हे निकष नीट बांधून दिले, आणि ते काम मला मनापासून आवडतं, कारण त्यात अडचण लपवलेली नाही. मुलांसाठी त्यांनी वजनानुसार पायऱ्या दिल्या: दिवसाला किलोमागे १० ते १९.९ मिलिलिटर म्हणजे पहिली पायरी, २० ते ३० म्हणजे दुसरी, त्यावर तिसरी. प्रमाण मोजलेलंच नसेल तर किती वेळा झालं यावरून अंदाज करा, एक वेळ म्हणजे प्रौढात सुमारे २०० मिलिलिटर आणि लहान मुलात किलोमागे ३ मिलिलिटर धरा, हेही त्यांनी सांगितलं. शक्यतो तीन दिवसांची सरासरी घ्या. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या केंद्रांनाही ठाऊक होतं की चार्टवर आकडा नेहमी असतोच असं नाही.

आता काकूंच्या मुलाएवढा मुलगा घ्या, वजन २० किलो. दिवसभरात ३७० मिलिलिटर जुलाब. भागिले २०, म्हणजे १८.५. पहिली पायरी. मॅजिकच्या तक्त्यात आतड्याची पहिली पायरी म्हणजे एकूण ग्रेड दोन. आता त्याच भांड्यात ६० मिलिलिटर लघवी मिसळली असं समजा. ४३० भागिले २०, म्हणजे २१.५. दुसरी पायरी. आतड्याची दुसरी पायरी म्हणजे एकूण ग्रेड तीन. आणि ग्रेड तीन-चार म्हणजे ‘तीव्र जीव्हीएचडी’, ज्याचा टक्का पेपरच्या ॲब्स्ट्रॅक्टमध्ये ठळकपणे येतो. अर्धा कप लघवीने मुलगा एका गटातून उचलून दुसऱ्या गटात ठेवला.

हे गणित मी स्वतः काढलेलं नाही, म्हणजे आकडे माझे पण शंका माझी नाही. एका प्रत्यारोपण वॉर्डातल्या सिस्टरना मी जीव्हीएचडीच्या नव्या रक्तचाचण्यांबद्दल उत्साहाने सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सर, लघवी मिसळलेली असली तर तुम्ही ती वही कशी वापरता?” मला सर म्हणायचं कारण नव्हतं. आणि माझ्याकडे उत्तरही नव्हतं. मग त्यांनी सांगितलं: मुली संकोचाने भांडं दाखवत नाहीत. आई बिचारी घाण राहू नये म्हणून मोजायच्या आधीच ओतून टाकते. डायपर असेल तर वजन करायचं, कोरड्या डायपरचं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर धरायचं. पण त्या डायपरमध्ये लघवी किती आणि जुलाब किती? तिथे अनुभव लागतो. या अनुभवाला पेपरमध्ये नाव नाही.

इथे तुम्ही म्हणाल, मग काय सगळे निष्कर्ष फेकून द्यायचे? नाही. असं म्हणणारा विद्यार्थी व्हायव्हात अडकतो, हे लक्षात ठेवा. उदाहरण घेऊ. स्टिरॉइडला न जुमानणाऱ्या जीव्हीएचडीवर रुक्सोलिटिनिब हे औषध तपासणारी रीच-२ ही चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. २८व्या दिवशी प्रतिसाद ६२ टक्के विरुद्ध ३९ टक्के. प्रतिसाद ठरतो अवयवांच्या पायऱ्यांवरून, म्हणजे त्यात भांडं आहेच. आणि चाचणी ओपन लेबल होती, कोणाला कोणतं औषध चाललंय हे वॉर्डात ठाऊक. म्हणजे निकाल खोटा? तर मोजण्यातली चूक दोन प्रकारची असते. दोन्ही गटांत सारखीच, आडवीतिडवी होणारी चूक सहसा खरा फरक पुसट करते, नवा फरक निर्माण करत नाही. धोका दुसऱ्या चुकीचा: नवं औषध चालू असलेल्या रुग्णाचा आकडा नकळत जरा कमी लिहिला गेला तर. २३ टक्क्यांचा फरक केवळ अशा कलाने उभा राहिला असेल असं मला वाटत नाही. पण टीका करताना ‘मोजमाप सदोष आहे’ एवढं म्हणून थांबू नका. चूक कोणत्या दिशेला ढकलते ते सांगा. माझ्या पहिल्या सेमिनारमध्ये मी तेवढंच म्हणून थांबलो होतो, आणि गाइडने सगळ्यांसमोर विचारलं, “बरं, मग?”

आहाराचं उदाहरण याहून गमतीचं आहे. पांढऱ्या पेशी खाली असताना कच्चं खायचं नाही, फळ नाही, कोशिंबीर नाही, सगळं शिजवलेलं, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या चालला. २००८ साली गार्डनर आणि सहकाऱ्यांनी ह्यूस्टनमध्ये तो तपासला. रक्ताच्या कर्करोगाचे १५३ रुग्ण (प्रत्यारोपणाचे नव्हेत, पहिल्या केमोथेरपीचे), अर्ध्यांना शिजवलेलं, अर्ध्यांना कच्ची फळंभाज्याही. गंभीर संसर्ग २९ टक्के आणि ३५ टक्के. फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठरण्यासारखा नव्हता. मग २०२३ मध्ये इटलीतल्या अनेक केंद्रांनी मिळून २२२ प्रत्यारोपण रुग्णांवर तशीच चाचणी केली, तिथेही मोकळ्या आहाराने संसर्ग वाढले नाहीत. छान. रुग्णाला महिनाभर नकोसं खायला घालण्याचा त्रास वाचला तर कुणाला नको आहे?

पण वाक्य कसं लिहायचं ते बघा. ‘कच्चं खाल्ल्याने संसर्ग वाढत नाही’ असा या चाचण्यांचा अर्थ नाही. अर्थ असा की त्या वॉर्डांत, त्या पाण्याने धुतलेली, त्या पद्धतीने हाताळलेली फळं खाल्ल्याने वाढला नाही. ह्यूस्टनमध्ये दोन्ही गटांतले रुग्ण हवा गाळून सोडणाऱ्या संरक्षित खोल्यांत होते. फळ कोणी धुतलं, कोणत्या पाण्याने, कापून किती वेळ ठेवलं, ताट आत नेणाऱ्याने हात धुतले का, हे दोन्ही गटांत सारखं आणि चांगलं होतं, म्हणून आहाराचा परिणाम दिसला नाही. आमच्याकडे पावसाळ्यात बोअरचं पाणी गढूळ येतं. तिथे हा निष्कर्ष तसाच उचलून लावला तर तो आहाराचा निष्कर्ष राहत नाही. ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दात जे दडलं होतं तेच इथे कमी आहे. उलट टोकही तितकंच चूक: परक्या देशातला अभ्यास म्हणून तो झटकून टाकायचा आणि मुलाला सहा महिने पेरू दाखवायचा नाही. या दोन टोकांच्या मध्ये बसणारा अभ्यास भारतातल्या वॉर्डात करता येईल, आणि कोणाला विषय हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

बर्फाचं एक वाक्यात सांगतो. मेल्फॅलन हे औषध देताना रुग्णाने तोंडात बर्फ चघळला तर रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडाच्या अस्तरापर्यंत कमी पोचतं आणि तोंड कमी सोलतं. औषध शरीरात फार वेळ टिकत नाही म्हणूनच ही युक्ती चालते. पुरावा चांगला आहे, खर्च जवळपास शून्य. मळमळणाऱ्या माणसाच्या तोंडात तेवढा वेळ बर्फ ठेवायला लावणं हा मात्र त्या उपचाराचा अवघड भाग आहे, आणि तो कोण करतं ते वेगळं सांगायला नको.

नर्सिंग मोजताच येत नाही, असं म्हणणारेही भेटतील. मोजलंय. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा अभ्यास केला. प्रत्येक नर्सकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. प्रत्यारोपणाकडे यायचं तर ग्राटवोल आणि सहकाऱ्यांचा २०११चा युरोपीय अभ्यास आहे, एक लाखाहून जास्त रुग्ण. ज्या केंद्रांनी गुणवत्तेचं जेसी मानांकन घेतलं (त्यात नर्सिंगचं प्रशिक्षण, लेखी पद्धती हे सगळं येतं) तिथले निकाल सुधारत गेले. यावर माझा आक्षेप तुम्ही ओळखलाच असेल: जी केंद्रं आधीच चांगली तीच मानांकनाच्या मागे लागतात. लेखकांनी केंद्राची मानांकनापूर्वीची स्थितीही जमेस धरायचा प्रयत्न केला आहे, पण हा गुंता निरीक्षणाच्या अभ्यासातून पूर्ण सुटत नाही. आणि मानांकनाच्या त्या मोठ्या गाठोड्यातलं नेमकं काय उपयोगी पडलं, हे तर कळतच नाही.

आपल्याकडची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण २० मार्च १९८३ रोजी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये झालं, डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, दाता तिचा भाऊ. हे आपण क्विझमध्ये विचारतो आणि विचारायलाच हवं. पण त्या मुलीच्या पांढऱ्या पेशी शून्यावर असताना रात्री तिच्या खोलीत कोण जात होतं, हात धुऊन, मास्क लावून, तोपर्यंत या देशात कोणी न केलेलं काम कसं करायचं ते शिकत? माझ्या वाचनात ती माणसं कुठे आली नाहीत. आज टाटाचं प्रत्यारोपणाचं काम खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये चालतं. तिथे जाणाऱ्या विदर्भातल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो राहायचं कुठे. सुट्टी मिळाल्यावरही साधारण शंभराव्या दिवसापर्यंत रुग्णालयाच्या जवळपास राहावं लागतं, भाड्याच्या खोलीत किंवा धर्मशाळेत, आणि त्या खोलीत वॉर्डातलं निम्मं काम आईच्या हातात येतं: गोळ्यांच्या वेळा, ताप, पाणी उकळणं, पुरळ दिसतंय का, संडासला किती वेळा. पेपरांत हा काळ ‘फॉलो-अप’ या शब्दात संपतो. जीन एडिटिंगच्या नव्या उपचाराने हे सगळं सुटेल असं वाटत असेल तर लक्षात घ्या, २०२३च्या शेवटी मंजूर झालेल्या कॅसजेव्हीतही आधी बसल्फान देऊन मज्जा रिकामी करावीच लागते. दाता लागत नाही, जीव्हीएचडीची भीती जाते, पण ते पेशीविना काढायचे आठवडे तसेच राहतात.

तर सिनॉप्सिस लिहिताना माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या अभ्यासातला प्रत्येक आकडा कोणाच्या हातून वहीत उतरतो ते स्वतः जाऊन बघा, एक पूर्ण रात्रपाळी बसून. प्रत्येक पाळीत एका नर्सकडे किती रुग्ण होते हा कॉलम तुमच्या एक्सेलमध्ये टाका. वॉर्डाच्या ड्युटी रजिस्टरमध्ये तो आयता असतो. मोजलेलं प्रमाण आणि अंदाजाने लिहिलेलं प्रमाण वेगळ्या रंगात ठेवा. आणि त्या सिस्टरचं नाव शेवटच्या आभारात ‘नर्सिंग स्टाफ’ म्हणून उरकू नका. मोजायची पद्धत तिने ठरवली असेल तर ती सहलेखक आहे.

मी परत काकूंकडे गेलो तेव्हा टक्केवारी सांगितली नाही. केंद्रात गेल्यावर विचारायचे तीन प्रश्न वहीच्या पानावर मराठीत लिहून दिले: रात्री एका सिस्टरकडे किती मुलं असतात, ताप आला तर पहिलं औषध किती वेळात मिळतं, सुट्टी झाल्यावर अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. काकूंनी पान वाचलं, घडी घातली, मग पुन्हा उघडलं.

“चवथा लिव,” म्हणाल्या. “रातच्याला मले झोप लागली तं मंग कोन मोजते?”

तो लिहिला.